ढील

शहाद्याच्या एका गल्लीत दिवाळीच्या चार दिवस आधी ओट्यावर बसून एक आजोबा आणि त्यांचा नातू आकाशकंदील बांधत होते. विकतचा प्लास्टिकचा नव्हे, कामट्यांचा. बांबू ओला होता, नुकत्याच तासलेल्या कामट्यांना हिरवट वास येत होता. पोरानं चार कामट्यांचा चौकोन बांधला की तो हातात धरताच कलायचा आणि शंकरपाळ्यासारखा तिरका व्हायचा. आजोबांनी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरा ताणला, गाठ मारली, मग दुसरा दोरा उलट्या बाजूनं, आणि चौकोन जागच्या जागी गप्प बसला. इथवर ठीक होतं. पुढं पोरानं लाल पतंगी कागद खळ लावून असा ताणून बसवला की टिचकी मारली तर डफासारखा वाजायचा. आजोबा एवढंच म्हणाले, "कागदले जराशी ढील ठेवनी पडस, भो." पोरानं ऐकलं नाही. सकाळी कागद एका कोपऱ्यापासून मधोमध फाटलेला होता. रात्रीतून कुणी हात लावला नव्हता, वाराही नव्हता. दवानं कागद सैलावला, उन्हात वाळताना आकसला, ओल्या कामट्याही थोड्या मुरडल्या, आणि जिथं कोपरा सगळ्यात अरुंद होता तिथून फाट सुरू झाली.

ती फाट काही डोक्यातून जाईना.

कारण लोखंड आणि काचेची पैलूदार इमारत म्हणजे हाच कंदील, फक्त काही टनांचा. आणि हल्ली कुठल्याही कड्यावर, कुठल्याही धबधब्यापाशी चार माणसं जमली की त्यातलं एक जण म्हणतंच, इथं काचेचं काहीतरी व्हायला पाहिजे. सातपुड्यातल्या तोरणमाळला सीताखाईच्या काठावर उभं राहिलं की हा विचार मनात येणं साहजिक आहे. पावसाळ्यानंतरचे दिवस असतात, खाली दरीत धुकं भरलेलं असतं, वारा खालून वर येताना ओल्या गवताचा आणि सागाच्या पानांचा वास घेऊन येतो. असं वाटतं, इथं बसायला एक पारदर्शक दालन असावं, हिऱ्यासारखे पैलू असलेलं, पाऊस अंगावर न घेता पाऊस बघता यावा. इच्छा वाईट नाही. पण अशा दालनाचं चित्र काढणं आणि ते चाळीस पावसाळे उभं ठेवणं यात जे अंतर आहे, ते बहुतेक त्या ढिलीत आहे, म्हणून ते नीट बघायला हवं.

आधी पैलूंची गोष्ट. तीन दगडांची चूल कधी डुगडुगत नाही. चार पायांचा पाट जमीन जरा उंचसखल असली की डुगडुगतो. तीन बिंदू कुठंही ठेवा, ते एका सपाटीत असतातच. चौथा बिंदू सपाटीत आणायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. काच सपाट असते, म्हणून वळणदार आकार काचेत बसवायचा तर त्रिकोण हा सगळ्यात निर्धास्त मार्ग. शिवाय त्रिकोण कलत नाही, म्हणजे आजोबांचा तिरका दोरा त्यात आधीच आलेला असतो. तापीवरच्या रेल्वेपुलांचे लोखंडी त्रिकोण याच भरवशावर गाड्या तोलतात. पण त्रिकोणाची किंमत मोजावी लागते. चौकोनी जाळीत एका सांध्यावर चार दांड्या येतात, त्रिकोणी जाळीत सहा. चौकोनी तावातून त्रिकोण कापले की काच जास्त वाया जाते. तेवढंच क्षेत्र झाकायला सांध्यांची एकूण लांबी वाढते, आणि पाणी शिरतं ते सांध्यातून, काचेतून नव्हे. पॅरिसमध्ये लूव्रच्या अंगणात १९८९ साली उभा राहिलेला आय. एम. पेई यांचा पिरॅमिड बघा: उंची २१.६ मीटर, ६०३ काचा चौकटच्या राजाच्या चिन्हासारख्या तिरप्या चौकोनी, आणि त्रिकोणी काचा फक्त ७०, त्याही कडेला. पिरॅमिडची प्रत्येक बाजू मुळातच सपाट असल्यामुळे तिथं चौकोन चालून गेले. जिथं चालतात तिथं ते वापरणं हेच शहाणपण. सगळीकडे त्रिकोणांचा हट्ट धरला की पैसा सांध्यांत मुरतो.

त्या पिरॅमिडची आणखी एक गोष्ट इथं लागू पडते. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे जाड काच हिरवट दिसते. जुन्या आरशाची कड बघितली तर तो हिरवा रंग लगेच कळतो. लूव्रसाठी मुद्दाम स्वच्छ, रंगहीन काच करून घेतली होती, मागचा जुना राजवाडा आजारी दिसू नये म्हणून. सीताखाईकडं बघायचं तर तोच नियम. दोन-तीन थरांच्या वीस मिलिमीटर साध्या काचेतून सातपुड्याचा पाचोळ्याचा तपकिरी रंग मार्चमध्येही शेवाळलेला दिसेल. कमी लोहाची काच महाग असते, पण बघण्यासाठीच बांधलेल्या इमारतीत हा खर्च टाळणं म्हणजे चष्म्याच्या काचेत काटकसर करणं.

पण काचेच्या आधी दगड. सातपुड्याचा हा भाग लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झालेला आहे. वरून काळाकभिन्न पाषाण दिसतो, त्यावर घण मारला तर खणखणतो, आणि माणसाला वाटतं याच्याहून पक्का पाया कुठला. मात्र दोन थरांच्या मध्ये भोकाभोकांचा दगड असतो, कुठं तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो, आणि पावसाचं पाणी नेमकं त्या पट्ट्यावरून वाहत कड्यातून बाहेर पडतं. पट्टा झिजतो, वरचा पाषाण पुढं आलेल्या छज्जासारखा अधांतरी राहतो, आणि त्यात उभ्या भेगा आधीपासूनच असतात. म्हणून काठावर एकही खड्डा घेण्याआधी दगडाचे गाभे काढून बघायचे, तेही तांबड्या पट्ट्याच्या खालपर्यंत, आणि दालन काठापासून मागं घ्यायचं. किती मागं, ते गाभे सांगतील. पाहणाऱ्याला काठावर असल्याचा भास द्यायला पुढचे पैलू बाहेर झुकवता येतात. वजन मात्र मागच्या दगडावर.

पायथ्याला बोल्ट आवळण्याचा प्रसंग येतो तेव्हा ढील पहिल्यांदा भेटते. लोखंड दर अंशाला, दर मीटरला ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण वीस मीटर लांबीचा सांगाडा, डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत रंगवलेल्या लोखंडाच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक, म्हणजे बारा मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढं. हे बारा मिलिमीटर दोन्ही टोकांना घट्ट दाबून धरले तर सांगाडा मधूनच फुगतो नाहीतर पायथ्याचं काँक्रीट चिरतो. म्हणून एक बाजू पक्की आणि दुसऱ्या बाजूच्या बेसप्लेटला, म्हणजे तळाच्या लोखंडी पाटीला, गोल भोकांऐवजी लांबट भोकं, खाली घसरत्या टेफ्लॉनची चकती. नकाशात हे सगळेच दाखवतात. साइटवर मात्र एखादा मेहनती फिटर लांब पाना घेऊन येतो आणि त्या लांबट भोकांतले नटही बाकीच्यांसारखेच अंगचा जोर लावून आवळून टाकतो, कारण ढिला नट म्हणजे कामचुकारपणा हेच त्याला आयुष्यभर शिकवलेलं असतं. सरकायची जागा तिथंच संपते, आणि वर्षभरानं कुणालाच कळत नाही की चिरा का पडल्या. त्या जागी हातानं बसवायचा नट, त्यावर दुसरा अडकवणारा नट, आणि तिथल्या लोखंडावर रंगानं ठळक खूण, 'आवळू नये', एवढं केलं तर निम्मी भांडणं मिटतात. फरकांड्याचे झुलते मनोरे आपल्या खानदेशातलेच. हलणारी इमारत म्हणजे कच्ची इमारत नव्हे, हे इथल्या माणसाला वेगळं समजवायला लागू नये.

वाऱ्याचा हिशेब सोपा आहे, त्यामुळेच तो घाईत चुकतो. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे दाब म्हणजे वेगाच्या वर्गाला ०.६ नं गुणायचं. समजा वेग सेकंदाला ३९ मीटर धरला, तर दर चौरस मीटरला साधारण ९३ किलोचा दाब येतो. पण उतार चढून आलेला वारा कड्याच्या माथ्यावर आवळला जाऊन वेग घेतो, आणि मानक त्यासाठी वेगाला १.३६ पर्यंत गुणायला सांगतं. दाब वर्गानं वाढतो, म्हणून ९३ चे १७२ होतात. शहाद्याच्या चौकात उभी राहिली असती ती काच सीताखाईवर जवळजवळ दुप्पट दाबाच्या हिशेबाची लागते. आणि पैलूंच्या धारेवर वारा काच आत ढकलत नाही, बाहेर ओढतो. धरून ठेवणाऱ्या पट्ट्या त्या ओढीसाठी असतात.

लोखंडाचं काम खाली, मैदानातच उरकलेलं बरं. शहाद्याहून वर जाणाऱ्या घाटाची वळणं बघितली की कळतं, बारा मीटरची दांडी ट्रकवर चढेल पण वळणात अडकेल. सहा मीटरच्या आतले तुकडे करायचे आणि वर बोल्टनं जोडायचे. सहा दांड्या एका सांध्यावर येतात तेव्हा प्रत्येकीचा कोन वेगळा असतो. पैलूदार इमारतीत दोन सांधे सहसा सारखे नसतात. दांडी दोन मिलिमीटर आखूड कापली गेली तर डोळ्यांना दिसत नाही, पण अशा दहा दांड्या ओळीनं आल्या की वीस मिलिमीटर, आणि शेवटचा त्रिकोण बंदच होत नाही. मग तिथं घण चालतो, दांडी ओढून बसवली जाते, आणि तो ताण कायमचा लोखंडात राहतो. म्हणून सगळा सांगाडा कारखान्याच्या आवारात एकदा उभा करून बघायचा, जुळला की सुटा करायचा. वेल्डिंग गार होताना लोखंड आपल्याकडे ओढतं, म्हणून सांध्याच्या एका बाजूला एक टाका मारला की पुढचा समोरच्या बाजूला. जस्ताचा मुलामा द्यायचा असेल तर आणखी दोन गोष्टी. साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात तोंडबंद पाइप बुडवला तर आतली हवा आणि ओल फुगून तो फुटू शकतो, हौदावरच्या माणसांच्या जिवावर बेततं. हवा आणि जस्त दोन्ही बाहेर पडायला पाइपाला आधीच भोकं पाडावी लागतात. आणि तुकड्यांवर ऑइलपेंटनं नंबर घातले तर तिथं जस्त नीट धरत नाही, नंबरही धड वाचता येत नाहीत, म्हणून नंबर ठोकून उठवायचे. हे विसरलं की घाटमाथ्यावर तीनशे दांड्यांचं न सुटणारं कोडं घेऊन बसावं लागतं.

सांगाडा उभा राहिला की टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं दुर्बिणीचं यंत्र, लावून प्रत्येक सांधा मोजायचा. लोखंडाचं काम पाच-दहा मिलिमीटरच्या बोलीत चालतं, काच दोन मिलिमीटरच्या. या दोघांची सोयरीक जुळवणारा मधला कंस लागतो, तिन्ही दिशांना वीसेक मिलिमीटर सरकवता येणारा. तो नसला तर भोगावं काचेला लागतं, कारण टफन्ड काच एकदा भट्टीतून बाहेर आली की तिला कापता येत नाही, घासता येत नाही, भोक पाडता येत नाही. सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्याला कायमचं दाबून धरतो. ताकद त्या दाबातच असते. कानस लावून तो दाब एका ठिकाणी सोडवला की सगळ्या काचेचा चुरा. मापात तीन मिलिमीटर मोठी आलेली काच म्हणजे भंगार.

आता त्या उंचीचं. डबल काच म्हणजे दोन काचांमध्ये हवा कोंडलेली बंद डबी. ती मैदानातल्या कारखान्यात बंद होते, तेव्हा आतला दाब तिथल्या हवेइतका असतो. तोरणमाळ अकराशे मीटरच्या आसपास. हजार मीटर वर चढलं की बाहेरच्या हवेचा दाब इतका उतरतो की काच मुळीच वाकली नाही असं धरलं तर आतून दर चौरस मीटरला हजार किलोहून जास्त जोर बसतो. घाट चढताना आपले कान बंद होतात, तेच काचेचं होतं. त्यात मेमध्ये आतली हवा पस्तीस अंशांनी तापली तर जवळजवळ तेवढाच जोर आणखी. मोठी काच फुगून हा जोर सोसते. तिच्यात दरी जराशी फुगीर दिसते एवढंच. छोटा त्रिकोण फुगत नाही. तो ताठ राहतो आणि सगळा जोर कडेच्या चिकट सीलवर टाकतो, टोकाच्या अरुंद कोपऱ्यात सगळ्यात जास्त. सील कुठंतरी सुटतं, पहिल्या पावसाळ्यात आत वाफ धरते, आणि ती पुसायला कुणाचाही हात आत पोचत नाही. उपाय जुना आणि स्वस्त आहे. कडेत केसासारखी बारीक पोलादी नळी ठेवायची, प्रवासात डबीला तिच्यातून श्वास घेऊ द्यायचा. पण मग आत उष्णता अडवणारा आर्गॉन वायू भरण्याचे पैसे देऊ नयेत. नळी उघडी असेल तर तो घाटातच निघून जाईल. दोन्ही गोष्टी एकाच बिलात दिसल्या तर समजावं की बिल करणाऱ्याला यातलं एकही नीट माहीत नाही.

जळगावच्या बाजारपेठेत एप्रिल-मेमध्ये दुकानांच्या दर्शनी काचा बघत चालावं. अधूनमधून एक काच तडकलेली दिसते, आणि दुकानदार सांगतो की पोरांनी दगड मारला. जवळ जाऊन बघा. दगड लागला असेल तर तिथं चांदणीसारखी खूण असते, चिरा सगळीकडे पसरतात. इथं मात्र एकच चीर, चौकटीच्या कडेपासून निघालेली, पहिली दोन बोटं कडेशी अगदी काटकोनात, आणि पुढं नदीसारखी वळत गेलेली. ती उन्हाची चीर. मधली काच तापून प्रसरण पावते, चौकटीत लपलेली कड गार राहते, आणि कड ताणाखाली येते. साध्या काचेला तीस-चाळीस अंशांचा फरक पुरतो, आणि कड कापताना तिला टवका गेला असेल तर त्याहून कमी. बाहेरून अर्धी सावली देणारा फलक, आतून चिकटवलेली काळी फिल्म, दोन्ही त्याच दुकानात असतात. पैलूदार इमारतीत एका पैलूची सावली दुसऱ्यावर तिरपी पडते, तीही दिवसभर सरकत, म्हणून तिथं साधी काच नकोच. टफन्ड, किंवा तेवढीच तापवून तिच्याहून हळू गार केलेली, आणि डोक्यावर असेल तर आतल्या बाजूला लॅमिनेटेड, म्हणजे फुटली तरी दोन काचांमधल्या पडद्याला चिकटून राहील, खाली बसलेल्याच्या अंगावर येणार नाही. टफन्ड काचेत कधी निकेल सल्फाइडचा कण राहतो, तो महिन्यांनी, वर्षांनी फुगतो आणि काच भर दुपारी कुणी न शिवता फुटते. त्यासाठी भट्टीनंतर काच पुन्हा अडीचशेच्या वर तापवून, ज्या फुटायच्या त्या कारखान्यातच फुटू देतात. तोरणमाळसारख्या ठिकाणी, जिथं बदली काच घाट चढून यायची आहे, तिथं ही चाचणी सोडूच नये.

उलटा त्रिकोण हा मात्र माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात दुर्लक्षित प्रसंग आहे. त्रिकोणी जाळीत निम्म्या काचा टोक वर करून बसतात, निम्म्या टोक खाली करून. टोक वर असलेली काच तळाच्या कडेवर बसते. तिथं दोन रबरी ठोकळे ठेवले की झालं. दोन मीटर बाजूचा त्रिकोण, एकूण वीस मिलिमीटर काच, वजन सुमारे ९० किलो, प्रत्येक ठोकळ्यावर ४५. टोक खाली असलेल्या काचेला तळच नसतो. ती दोन तिरप्या कडांमध्ये पाचरीसारखी रुतते, आणि साठ अंशांच्या उतारावर हिशेब केला तर उभ्या काचेचे दोन्ही ठोकळे प्रत्येकी ४५ नव्हे, पूर्ण ९० किलो झेलतात. घाईत बसवणारा ठोकळे खाली, टोकाजवळ सरकवतो, कारण तिथं ते आपोआप अडकून राहतात. आणि टोक हाच काचेचा सगळ्यात हळवा भाग. ठोकळे टोकापासून चांगले वर हवेत, आणि खालचं टोक पूर्ण मोकळं, कशालाही न टेकलेलं, बोट फिरेल एवढ्या हवेत. बसवून झाल्यावर कार्डाचा तुकडा टोकाभोवती फिरवून बघावा. अडला तर काच उतरवावी, वाद न घालता.

तो लाल कागद तिथूनच फाटला होता.

सिलिकॉनचं काम दोन फडक्यांचं. एका फडक्यावर स्पिरिट घेऊन कड पुसायची, आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपायचं. एकच फडकं वापरलं तर मळ उचलला जात नाही, पसरतो, आणि आपल्याकडची मेमधली धूळ इतकी बारीक असते की काच स्वच्छ दिसते आणि सिलिकॉन धुळीवर चिकटतं. सांध्याची रुंदी बारा मिलिमीटर ठेवली आणि सिलिकॉन पंचवीस टक्के ताण सोसणारं असलं तर तीन मिलिमीटर हालचाल निभते. दोन मीटर काच पन्नास अंशांत जेमतेम एक मिलिमीटर वाढते, लोखंड सव्वा, म्हणजे या दोघांचं बरं जमतं. ॲल्युमिनियमची चौकट मात्र सव्वादोनच्या वर जाते, तिच्यासाठी जागा वेगळी मोजावी लागते. आठवड्यानं एक नमुना ओढून बघायचा: सिलिकॉन स्वतः फाटलं तर पास, काचेवरून सालीसारखं सुटलं तर सगळं पुन्हा. आणि काच बसल्यावर जवळपास ग्राइंडर चालवू देऊ नये. ठिणग्या काचेत रुततात, हजार बारीक ठिपके, कुठल्याही पावडरीनं न निघणारे.

पाण्याबद्दल एवढंच, की कड्यावर पाऊस खालून वरही येतो. बाहेरचं सिलिकॉन कधीतरी हरणार हे धरून आत दुसरी ओळ हवी, रबराच्या पन्हळी, आणि सहा पन्हळी जिथं भेटतात त्या सांध्याच्या तोंडाला एकसंध ओतीव तुकडा. जोडकामाचा नको. गळती तिथंच होते. स्वस्त पर्याय म्हणून कुणीतरी काचेऐवजी ॲक्रिलिकचे, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे, ताव सुचवतंच. मॉन्ट्रियलमध्ये १९६७ च्या प्रदर्शनासाठी बकमिन्स्टर फुलर यांनी ७६ मीटर व्यासाचा गोल उभा केला होता, लोखंडी त्रिकोणांवर ॲक्रिलिकचं आवरण. १९७६ मध्ये दुरुस्ती चालू असताना आग लागली आणि आवरण जळून गेलं. सांगाडा आजही उभा आहे, उघडा.

मग ऊन. तोरणमाळ कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणजे मेच्या अखेरीला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडची पोरं शाळेच्या मैदानात बाटली उभी करून बघतात. त्या दिवशी उभ्या काचेवर दुपारी ऊन जवळजवळ पडतच नाही, आणि छपरावर सगळंच्या सगळं पडतं, दर चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास. शंभर चौरस मीटर साध्या काचेच्या छपरातून ऐंशी टक्के आत आलं तर ८० किलोवॅट, म्हणजे तेवीस टन एसी केवळ सूर्याशी भांडायला. भारी लेप दिलेली काच घेतली तरी सात टन. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन तिथली थंड हवा बंद करायची आणि यंत्रानं दुसरी तयार करायची, हे मनाला पटत नाही. माझं मत स्पष्ट आहे: वरचे पैलू काचेचे नकोत. वर पत्रा, खाली जाड इन्सुलेशन, पैलू तसेच. काच फक्त बाजूंना, आणि तीही वरच्या बाजूनं बाहेर झुकलेली. विमानतळावरच्या नियंत्रण मनोऱ्याच्या काचा अशाच झुकलेल्या असतात, कारण त्यामुळे आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब डोळ्यात येत नाही, वर काळ्या छताकडं जातं. संध्याकाळी आत दिवा लागला की सरळ काचेचा आरसा होतो, दरी गायब होते आणि माणसाला स्वतःचाच चेहरा दिसत राहतो.

झुकलेल्या काचेचा आणखी एक फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. रानपिंगळा याच डोंगरांचा. १८७३ मध्ये त्याची नोंद झाली, १८८४ नंतर तो कुणाला मिळाला नाही, तो नामशेष झाला असंच धरून चालले होते, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात तो पुन्हा दिसला. एकशे तेरा वर्षांनी. हे घुबड दिवसा शिकार करतं. सरळ उभ्या काचेत त्याला आकाश आणि साग दिसणार, आणि ते त्या सागाकडं उडणार. बाहेर झुकलेली काच आकाशाऐवजी जमीन दाखवते. तेवढ्यानं पुरत नाही. काचेच्या बाहेरच्या पृष्ठावर ठिपके हवेत, पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त मोकळी जागा कुठंही न सोडता. आतल्या बाजूला छापलेले ठिपके कमी कामाचे, कारण प्रतिबिंब बाहेरच्या पृष्ठावरच पडतं. ठिपक्यांनी दृश्य बिघडतं अशी तक्रार होते. दहा पावलं मागं आलं की ते डोळ्याला दिसेनासे होतात. एवढंही सोसायचं नसेल तर त्या काठावर दगडी ओटा बांधावा आणि छत्री घेऊन बसावं. सीताखाई तिथूनही तेवढीच खोल दिसते.

शहाद्याच्या ओट्यावर दुसऱ्या दिवशी नवा कागद आला, या वेळी केशरी. आजोबा मध्ये पडले नाहीत. पोरानं खळ फक्त तीन कडांना लावली, चौथ्या कडेला दोन बोटांचा जास्तीचा कागद आत दुमडला, आणि कोपऱ्यात, जिथं आधी फाटलं होतं, तिथं कात्रीनं टोक छाटून छोटी फट मोकळी सोडली. रात्री कंदील वर चढला तेव्हा गल्लीत थोडा वारा होता. कागद आत जायचा, बाहेर यायचा, झोपलेल्या पोराच्या पोटासारखा, आणि त्या फटीतून निसटलेली उजेडाची एक बारीक रेघ समोरच्या भिंतीवर हळूहळू वरखाली सरकत होती.